लपलेल्या घरातला स्वार्थी माणूस: एकांकिकेत हे पात्र कसं बसवायचं

युद्धात लपून बसलेल्या माणसांवरच्या एकांकिका मी स्पर्धांच्या प्राथमिक फेऱ्यांत बऱ्याच पाहिल्या. दोन स्वतः बसवल्या, त्यातली पहिली साफ पडली. अशा संहितेत एक माणूस ठरलेला असतो. सगळ्यांच्या वाटणीचं खाणारा, पांघरूण ओढणारा, दुसऱ्याच्या वेळेत संडास अडवून बसणारा. आणि बहुतेक वेळा हाच माणूस नाटक घेऊन बुडतो. पहिल्या दहा मिनिटांत तो हशे वसूल करतो, मग खलनायक होतो, शेवटी कोणीतरी त्याच्यावर ओरडतं आणि पडदा. परीक्षक कागदावर ‘वरवरचं’ असं लिहून मोकळे.

यात नटाचा दोष फारसा नसतो. आपण आधी पात्र उभं करतो आणि घर नंतर, तिथेच चुकतं. खालचा क्रम त्याच्या उलट आहे. उदाहरणाला ॲन फ्रँक या ज्यू मुलीची, दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून ॲमस्टरडॅममध्ये लपण्याची जागा घेतली आहे, कारण तिथल्या वेळा, माणसं आणि भांडणं तिच्या डायरीत नोंदलेली आहेत. तुमची संहिता दुसऱ्या कुठल्या युद्धावरची असली तरी क्रम हाच ठेवा.

सुरुवातीआधी: कागद

नवी संहिता असेल तर लेखकाचं संमतिपत्र आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकांच्या संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र, हे दोन्ही हाताशी असल्याशिवाय नाट्यगृह किंवा स्पर्धेचा अर्ज भरू नका. मंडळाकडे दिलेली संहिता आणि रंगमंचावर बोलली जाणारी संहिता एकच असली पाहिजे. तालमीत सुचलेली दोन पानं गुपचूप घुसडणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

डायरीचा आधार घेणार असाल तर ‘ती आता सगळ्यांचीच आहे’ हे कोणाचं तरी ऐकून पुढे जाऊ नका. मूळ मजकूर, मराठी अनुवाद आणि डायरीवर बेतलेलं १९५५ सालचं अमेरिकन नाटक यांचे हक्क वेगवेगळे आहेत. तुमचा प्रसंग यातल्या कशातून आलाय ते आधी लिहून काढा. त्याचा उपयोग पुढे पाचव्या टप्प्यात होणार आहे.

सावधान: ॲमस्टरडॅमचं घर उचलून ठाण्याच्या नौपाड्यात आणू नका. नावं जोशी-कुलकर्णी, शोधायला येणारे नुसतेच ‘ते लोक’, आणि बाहेर नेमकं कोण कोणाला का मारतंय याचा पत्ता नाही, असं केलं की धोका धूसर होतो. धोका धूसर झाला की एका पावाच्या तुकड्याला किंमत राहत नाही.

टप्पा १: घराचा हिशोब

पहिल्या तीन तालमी संवाद वाचायचे नाहीत. घर मोजायचं.

प्रिन्सेनग्राख्ट २६३ या इमारतीच्या मागच्या भागात फ्रँक कुटुंबातली चौघं ६ जुलै १९४२ ला लपायला गेली. आठवड्याभरात फान पेल्स कुटुंबातली तिघं आली. नोव्हेंबर १९४२ मध्ये आठवा माणूस आला, फ्रिट्झ फेफर नावाचा दंतवैद्य. ४ ऑगस्ट १९४४ ला पकडले जाईपर्यंत ही आठ माणसं तिथे होती. खाली गोदाम. ऑफिसातल्या चौघांना सगळं माहीत होतं, ते मदत करायचे. गोदामातल्या बहुतेक कामगारांना सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे सकाळी साडेआठपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत, दुपारची जेवणाची सुट्टी सोडली तर, नळ नाही, संडासात पाणी ओतणं नाही, पायात बूट नाहीत.

एवढ्या माहितीवरून तुमचा तक्ता तयार होतो. मोठ्या ड्रॉइंगच्या कागदावर डावीकडे वेळा लिहा, वर माणसांची नावं. प्रत्येक चौकटीत त्या वेळी तो माणूस कुठे बसलाय आणि कोणता आवाज करायला त्याला मुभा आहे ते भरा. खाली दुसरा तक्ता: घरात पाव किती, बटाटे किती, कधी आणि कोणाच्या हातून येतात.

मग खोल्यांची मापं खडूने जमिनीवर काढा. शाळेच्या वर्गात तालीम असेल तर बाक भिंतीला लावून जागा अडवून टाका. सोसायटीच्या हॉलमध्ये पोरं मोकळ्या जागेला सोकावतात आणि पुढे सेटवर एकमेकांवर आपटतात.

तपासून पाहा: कुठल्याही नटाला अचानक विचारा, ‘सकाळचे नऊ वाजलेत, खोकला आला, काय करशील?’ त्याला आठवून उत्तर द्यावं लागत असेल तर अजून एक दिवस तक्त्यावर घालवा.

टप्पा २: त्याची वही

आता स्वार्थी माणसाकडे या. पण दिग्दर्शकाच्या चष्म्यातून नको, त्याच्या स्वतःच्या वहीतून. ही वही नटानेच लिहायची, प्रथमपुरुषी. या वहीत ‘मी स्वार्थी आहे’ असं कुठेही येता कामा नये. स्वतःला तसं कोणीच म्हणत नाही.

फेफरचं उदाहरण पाहा. डायरीत ॲनने त्याला ‘डसेल’ हे नाव दिलंय. जर्मनमध्ये त्याचा अर्थ बावळट, खुळा असा होतो. वयाची पन्नाशी ओलांडलेला हा माणूस आणि तेरा वर्षांची ॲन एकाच अरुंद खोलीत राहत होते. १९४३ च्या जुलैत दोघांचं खोलीतल्या छोट्या टेबलावरून वाजलं. तिला आठवड्यातून दोन दुपारी चार ते साडेपाच टेबल हवं होतं. तो नाही म्हणाला. शेवटी तिच्या वडिलांना मध्ये पडावं लागलं. त्याच्या कपाटात पाव, चीज, जॅम, अंडी आहेत आणि आपल्याला तो काही देत नाही, हीसुद्धा तिची तक्रार आहे.

एवढंच वाचून बसवलं की विनोदी म्हातारा तयार होतो. आता दुसरी बाजू. त्याचा मुलगा १९३८ मध्येच इंग्लंडला पाठवलेला. त्याची जोडीदार शार्लोट कालेटा ज्यू नव्हती. नाझी कायद्यामुळे त्यांना लग्न करता आलं नव्हतं. ती त्याच शहरात राहत होती, पण तो कुठे लपलाय हे तिला माहीत नव्हतं. मीप खीस नावाची मदतनीस दोघांची पत्रं पोचवायची. बाकीच्या सातही जणांचं कोणी ना कोणी आपलं त्या घरात होतं. त्याचं एकट्याचं नव्हतं.

आता तेच टेबल परत बघा. घरात त्याच्या हक्काची एवढीच एक जागा. मुलीची मागणी रास्त आहे, यात वाद नाही. त्याचं अडून बसणंही समजण्यासारखं आहे. नटाला दोन्ही एकाच वेळी दिसलं पाहिजे.

तुमचं पात्र काल्पनिक असलं तरी वहीत चार गोष्टी हव्यातच: लपण्याआधी तो कोण होता, येताना पिशवीत काय आणलं, त्यातलं काय कोणाला दाखवलं नाही, आणि बाहेर कोण राहिलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एखादी वस्तू असू दे. ‘आठवणी’ असं लिहून आणणाऱ्याला वही परत द्या.

टप्पा ३: निवड

हे थोडक्यात. ग्रुपमधला सगळ्यांत गमत्या मुलगा या भूमिकेला घेऊ नका. तो पहिल्या एन्ट्रीलाच हशा घेईल आणि मग प्रत्येक वेळी प्रेक्षक हशाची वाट बघत बसतील. धिप्पाडही नको. मी नीटनेटका नट शोधतो: तालमीला वेळेवर येणारा, डबा खाऊन झाल्यावर झाकण नीट लावणारा. अशा माणसाने दुसऱ्याची वाटी चार बोटं स्वतःकडे सरकवली तर ती दिसते.

टप्पा ४: मुकी तालीम

पहिल्या एकांकिकेत मी हा टप्पा गाळला. शेवटच्या प्रसंगात घरातली बाई त्या माणसावर तोंड सोडते, दोन मिनिटांचा सणसणीत तुकडा. पोरगी जीव तोडून करायची. प्रयोगात तो सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला सहज म्हणाले, ‘अहो, पण खाली माणसं आहेत ना?’ सगळ्या थिएटरला ऐकू गेलं. तिथेच नाटक संपलं.

लपलेल्या घरात ओरडता येत नाही. सगळा राग गिळून, नाहीतर हातातल्या वस्तूवर काढून दाखवावा लागतो. म्हणून सलग तीन तालमी अशा करा:

पहिल्या दिवशी पूर्ण एकांकिका एकही शब्द न बोलता करायची. दुसऱ्या दिवशी पायात मोजे घालून, संवाद फक्त ओठांनी. तिसऱ्या दिवशी कुजबुजत. एकाला दाराशी बसवा. त्याला आवाज ऐकू आला की त्याने टाळी वाजवायची आणि सगळ्यांनी अर्धा मिनिट जागच्या जागी थिजायचं. सुरुवातीला टाळ्याच टाळ्या पडतात, पोरं हसतात. नंतर हसणं थांबतं. (एक फायदा असाही की या तीन दिवसांत सोसायटीचा वॉचमन दहा वाजता दिवे घालवायला येत नाही.)

तपासून पाहा: मुक्या तालमीत घरात भांडण कशावरून आहे हे नवख्या माणसाला कळतंय का? ग्रुपबाहेरच्या एकाला बोलावून विचारा. कळत नसेल तर दोष हालचालींत आहे, शब्द घालून तो झाकू नका.

टप्पा ५: चढण

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. स्वार्थ एकदम दाखवायचा नसतो, चढवत न्यायचा असतो. आपल्याकडच्या संहिता बहुधा पाव चोरण्यापासूनच सुरू होतात, मग पुढे चढायला जागाच उरत नाही.

मी ठेवतो तो क्रम असा. आधी वेळ: संडासात ठरल्यापेक्षा दोन मिनिटं जास्त. मग जागा: टेबल, खिडकीजवळची खुर्ची, शेगडीच्या बाजूची उबदार भिंत. मग मौन: बाहेरून आलेली बातमी त्याला आधी कळते आणि तो अर्धा दिवस सांगत नाही. अन्न शेवटी. पहिल्या दोन्हींत तो उघडपणे भांडू शकतो, कारण त्याच्याकडे कारण आहे. तिसऱ्यात तो गप्प बसतो. चौथ्यात लपतो. म्हणजे लपलेल्या घराच्या आत आणखी एक लपणं सुरू होतं आणि प्रेक्षकाला ते पायरीपायरीने कळतं.

आता चोरीचा प्रसंग. १९५५ च्या नाटकात घरातला एक पुरुष रात्री पाव चोरताना पकडला जातो. डायरीत तो प्रसंग नाही, नाटककारांनी रचलेला आहे. त्याच नाटकात दंतवैद्याला ज्यू रीतिरिवाजच माहीत नाहीत असं दाखवलं आहे. प्रत्यक्षात तो धर्म पाळणारा होता आणि शार्लोट कालेटाने त्या चित्रणाला हरकत घेतली होती. तोवर फेफर जिवंत नव्हता. डिसेंबर १९४४ मध्ये नॉयनगाम्मे छळछावणीत त्याचा मृत्यू झाला होता. खऱ्या माणसाच्या नावाने प्रसंग रचणार असाल तर हे लक्षात असू द्या. माझं मत विचाराल तर नाव बदला, शहर तेच ठेवा आणि पात्र स्वतःचं लिहा.

चोरी परिणामकारक व्हायची असेल तर प्रेक्षकाला आधी मोजदाद माहीत हवी. म्हणून चोरीच्या आधी किमान दहा मिनिटं पाव कापण्याचा एक पूर्ण प्रसंग द्या, घाई न करता.

यासाठी लादीपाव चालत नाही. मऊ असतो, सुरी लावली की दबतो, आवाजच येत नाही. कडक सालीचा ब्रून पाव आणा, तोही आदल्या दिवशीचा. मागच्या रांगेला ब्रून आणि डच पाव यांतला फरक दिसत नाही, पण सुरी सालीतून जाताना येणारा करकर आवाज शेवटपर्यंत पोचतो. एका पावाचे आठ तुकडे. कापणारी बाई सुरी टेकवते, थांबते, केसभर डावीकडे सरकवते, मग दाब देते. सात जण तिच्या हाताकडे बघतायत. तुकडे वाटून झाल्यावर फळीवर चुरा उरतो. स्वार्थी माणूस बोलता बोलता तर्जनी जिभेला लावतो, चुऱ्यावर टेकवतो, तोंडात घालतो. परत एकदा. वाक्य तोडत नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलंय आणि कोणीच काही म्हणत नाही, कारण चुऱ्यावर हक्क कोणाचा हे ठरलेलंच नाही.

हे जमलं तर पुढच्या चोरीला संवाद लागत नाही. आमच्या दुसऱ्या एकांकिकेत आम्ही एक फळी मुद्दाम वाजती ठेवली होती. पहिल्या प्रसंगात घरातला मुलगा नव्या पाहुण्याला ती ओलांडायला शिकवतो. पाहुणा दोनदा चुकतो. शेवटी, अंधारात, तोच पाहुणा कपाटाकडे जाताना खाली न बघता ती फळी ओलांडतो. तो इथे रोज येतोय हे तेवढ्यावरून कळतं.

नेहमीच्या चुका: चोरी करताना नट प्रेक्षकांकडे बघून डोळे फिरवतो. पाव कोटात कोंबतो (चोर खातो तिथेच, घाईघाईत, चावण्याचा आवाज दाबत). चोरीला मागून सतार किंवा व्हायोलिन लावतात. काही लावू नका.

सावधान: पावाची जबाबदारी एकाच माणसावर द्या आणि दोन पाव आणा. आमचा पाव प्रयोगाच्या आधी लाइटवर असलेल्या पोराने चहात बुडवून खाल्ला होता. स्वार्थी माणसाच्या शोधात फार लांब जावं लागत नाही.

टप्पा ६: बाकीच्यांना संत करू नका

चोरी उघड झाली की संहितेत कोणीतरी म्हणतं, ‘याला बाहेर काढा.’ हे वाक्य आलं की तालीम थांबवा आणि सगळ्यांना बसवून विचारा: बाहेर काढलं तर काय होईल?

तो पकडला जाईल. पकडला गेला की त्याला पत्ता विचारला जाईल. पत्ता त्याला माहीत आहे. म्हणजे त्याला हाकलता येत नाही, मारता येत नाही, त्याच्यावर ओरडता येत नाही, आणि सकाळी साडेआठला त्याच्याच शेजारी श्वास रोखून बसायचं आहे. ही कोंडी नटांच्या डोक्यात पक्की बसली पाहिजे. एकदा ती बसली की ‘बाहेर काढा’ म्हणणाऱ्या पात्राचा आवाज आपोआप बदलतो, कारण ती धमकी पोकळ आहे हे म्हणणाऱ्यालाही माहीत असतं.

या टप्प्यावर इतर प्रत्येक पात्राला एक छोटा स्वार्थ द्या. आई स्वतःच्या मुलांना जाड तुकडा देते. म्हातारा औषध लपवतो. मुलगी खिडकीची फट सोडत नाही. संवादात याची वाच्यता नको. एखाद्या चोखंदळ प्रेक्षकाला दिसलं तरी पुरे.

आणि मदतनीस विसरू नका. खालून पिशवी घेऊन येणारी बाई स्वतःचा जीव धोक्यात घालते आहे. तिच्यासमोर आठही जण गोड वागतात. ती जिन्यावरून खाली गेली की पुढच्या क्षणी पिशवीकडे किती हात जातात, ते बसवा.

टप्पा ७: नाट्यगृहात

गडकरी रंगायतन असो की वाशीचं विष्णुदास भावे, तालमीच्या खोलीतली कुजबूज बाल्कनीत पोचत नाही. कुजबूज म्हणजे नुसती हवा नव्हे. पट्टी खाली आणा, आवाज छातीतून येऊ द्या, व्यंजनं ठासून उच्चारा. ‘क’, ‘ट’, ‘त’ स्पष्ट आले की प्रेक्षक बाकीचं जुळवून घेतो. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत एकाला बसवल्याशिवाय ही तालीम झाली असं समजू नका.

भाड्याच्या प्लायवुडच्या लेव्हल्स (रंगमंचावरचे उंच चौथरे) ढोलासारख्या वाजतात. त्यांवर जुनी सतरंजी ठोकून घ्या आणि वरून रंगवलेलं कापड. वाजती फळी तेवढी उघडी ठेवा. रंगमंचाच्या कडेला माइक असतील तर ते पावलं आधी उचलतात आणि संवाद नंतर. ध्वनिवाल्याला हे प्रयोगाआधी सांगा, प्रयोग सुरू झाल्यावर नाही.

प्रकाश कमी म्हणजे चेहरे काळे, असं होऊ देऊ नका. खिडक्यांना काळे पडदे, खोलीत एकच दिवा, आणि तो दिवा टेबलावर. मग टेबलासाठीचं भांडण उजेडासाठीचंही होतं. हे मला प्रकाशयोजना करणाऱ्या मुलीने सुचवलं, संहितेत नव्हतं.

टप्पा ८: शेवटचा आठवडा

घड्याळ लावून तीन सलग तालमी. पाव कापण्याचा प्रसंग प्रत्येक वेळी थोडा लांबतो, कारण नटांना तो आवडू लागतो. त्याची वेळ लिहून ठेवा आणि वाढली तर हशाच्या जागा छाटा, पाव छाटू नका.

स्वार्थी माणसाच्या नटाची वही आता त्याच्याकडून काढून घ्या. त्याला सगळं पाठ असेल तर ठीक. नसेल तर आता वाचून उपयोग नाही.

रंगीत तालमीत खरा ब्रून, खरी सुरी, मोजे आणि सतरंजी लागलीच पाहिजे. ‘प्रयोगाला आणतो’ म्हणणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहा.

प्रयोग झाल्यावर सेट उतरवायला मोजकी मिनिटं मिळतात आणि सगळे फोटो काढण्यात गुंततात. त्याआधी रंगमंच झाडून घ्या. ब्रूनची साल टोकदार असते आणि पुढच्या ग्रुपची पोरं कदाचित अनवाणी असतील. झाडू स्वतःचा न्या. विंगेतला नेमका तेव्हा सापडत नाही.